बोलोन्यातले पहिले पंधरा दिवस: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

प्रश्न असा आहे: "मी सांगली जिल्ह्यातली. बोलोन्या विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळालाय. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पोहोचते. हॉस्टेल मिळालेलं नाही, इटालियन येत नाही, आणि मी शाकाहारी आहे. पहिल्या दिवसांत नेमकं काय करायचं? ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो."

वेगळं सांगतात, कारण ज्याला जे नडलं तेच तो आधी सांगतो. कुणाला घर मिळालं नाही, कुणाचं सिमकार्ड अडलं, कुणाला थंडी बाधली. मी या शहरात चौदा वर्षं आहे. तुझ्यासारखीच शिकायला आले आणि इथेच राहिले. आता दर सप्टेंबरमध्ये नव्यानं आलेल्या मुलामुलींचे फॉर्म भरून देते, भाड्याचे करार वाचून देते, गरज पडली तर पोस्टात सोबत जाते. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. पहिल्या पंधरवड्यात खरी मुदत एकाच कामाला असते, आणि ते काम म्हणजे पेर्मेस्सो दि सोज्जोर्नो, म्हणजे राहण्याचा परवाना. इटलीत पाऊल ठेवल्यापासून कामाच्या आठ दिवसांच्या आत त्याचा अर्ज पोस्टात गेला पाहिजे. बाकीच्या कामांची घाई बरीचशी आपल्या मनातली असते, आणि त्या घाईतच मुलं पैसे गमावतात. म्हणून कामं मी त्याच क्रमानं सांगते.

पोहोचायच्या दिवसापासून सुरू करू. विमान फ्रँकफुर्ट किंवा पॅरिसमार्गे असेल, तर युरोपात शिरण्याची नोंद तिथेच होते, इटलीत पुन्हा पासपोर्ट बघतीलच असं नाही. म्हणून बोलोन्याला उतरल्याचा बोर्डिंग पास फेकू नकोस. तू इटलीत कोणत्या तारखेला आलीस, याचा तोच पुरावा. इथला विमानतळ मार्कोनीच्या नावाचा आहे, रेडिओवाला मार्कोनी याच शहराचा. तिथून मोनोरेल सात-आठ मिनिटांत मुख्य रेल्वे स्थानकावर आणून सोडते. अंतराच्या मानानं तिकीट महाग आहे, पण दोन बॅगा आणि झोपेनं जड झालेलं डोकं घेऊन स्वस्ताची बस शोधत बसू नकोस.

स्थानकाच्या दर्शनी भिंतीवर एक घड्याळ आहे, ते कायम दहा वाजून पंचवीस मिनिटं दाखवतं. नवी मुलं त्याला बंद पडलेलं समजतात. २ ऑगस्ट १९८० ला सकाळी त्याच वेळेला या स्थानकाच्या प्रतीक्षागृहात बॉम्ब फुटला आणि ८५ माणसं गेली. ते घड्याळ मुद्दाम तसंच ठेवलंय. तू या शहरात राहणार आहेस, म्हणून पहिल्याच दिवशी तुला हे माहीत असावं असं मला वाटतं.

त्या दिवशी एवढंच कर: मुक्कामाला पोहोच, घरी फोन कर, अंघोळ कर, खाऊन झोप. बँक नको, विद्यापीठ नको. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र उठून बाहेर पड.

आता कागद. पहिला कोदिचे फिस्काले. आपल्याकडच्या पॅनसारखा हा सोळा अक्षर-अंकांचा कर क्रमांक असतो. भाडेकरार, बँक, सिमकार्ड, शिष्यवृत्ती, सगळीकडे लागतो. काहींना तो व्हिसाच्या वेळी वकिलातीकडूनच मिळालेला असतो, म्हणून आधी आपली कागदपत्रं नीट बघ. नसेल तर आजेंझिया देल्ले एन्त्राते, म्हणजे इथलं कर कार्यालय, तो फुकट देतं. पैसे घेऊन काढून देणाऱ्याकडे जायचं कारण नाही.

इथे आपल्या मराठी नावांची एक अडचण आहे, ती नीट समजून घे. आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात बहुतेकदा स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं असतात, आडनाव वेगळ्या रकान्यात. इटलीत मधलं नाव हा प्रकार नाही. पहिल्या रकान्यात जे आहे ते सगळं तुझं नाव. आणि कोदिचे तर नावातल्या व्यंजनांवरूनच बनतो. समजा नाव नुसतं ईशा असेल, तर रोमन लिपीतल्या नावावरून तीन अक्षरं येतात एस, एच, आय. तेच पासपोर्टप्रमाणे ईशा रमेश लिहिलं, की व्यंजनं सहा होतात, आणि चार किंवा जास्त असली की नियमानं पहिलं, तिसरं आणि चौथं घेतात: एस, आर, एम. म्हणजे एका फॉर्मवर वडिलांचं नाव लिहिलं आणि दुसऱ्यावर गाळलं, तर सरकारच्या लेखी त्या दोन वेगळ्या मुली होतात. विद्यापीठाच्या नोंदीत एक आणि करारावर दुसरा कोदिचे असलेली मुलगी मी पाहिली आहे. ते निस्तरण्यात तिचे चार महिने गेले. तेव्हा पहिल्या दिवसापासून प्रत्येक कागदावर नाव पासपोर्टवर आहे तसंच, पूर्ण, त्याच क्रमानं लिही.

कोदिचे हातात आला की तपासून बघ. आडनावाची तीन अक्षरं, नावाची तीन, जन्मवर्षाचे शेवटचे दोन अंक, महिन्याचं एक अक्षर, मग जन्मतारीख. मुलींच्या तारखेत चाळीस मिळवतात, म्हणजे ५ तारखेचा जन्म असेल तर तिथे ४५ दिसेल. ती चूक नसते. त्यानंतर भारताचा संकेत, झेड २२२, आणि शेवटी पडताळणीचं एक अक्षर. आडनाव आणि नाव यांची अदलाबदल झालेली दिसली, तर तिथेच खिडकीवर सांग. पुढे ते खूप जड जातं.

आता पेर्मेस्सो. ज्या पोस्ट ऑफिसात 'स्पोर्तेल्लो अमीको' अशी खिडकी असते, तिथे याचं पाकीट फुकट मिळतं. त्याला सगळे 'किट' म्हणतात. आतला फॉर्म काळ्या पेनानं, सुट्या मोठ्या अक्षरांत भरायचा. सोबत पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती, प्रवेशाची कागदपत्रं, आरोग्य विमा, वर्षभर पुरतील एवढ्या पैशांचा पुरावा, राहण्याचा पत्ता. एक सोळा युरोचं मुद्रांक तिकीट लागतं, मार्का दा बोल्लो. ते पोस्टात मिळत नाही. रस्त्यावर मोठं 'टी' अक्षर लावलेलं तंबाखू-सिगारेटचं दुकान दिसेल, ताबाक्की, तिथे मिळतं. बसचं तिकीटही तिथेच. वर्षभराच्या परवान्यासाठी सध्या ७०.४६ युरो शुल्क आणि पोस्टाचे ३० युरो. मुद्रांक धरून ११६.४६. एवढे पैसे पहिल्या आठवड्यासाठी बाजूला काढूनच ये.

पाकीट चिकटवू नकोस. खिडकीतली व्यक्ती ते उघडून पासपोर्टशी ताडून पाहते. फॉर्म भरता येत नसेल, तर 'पात्रोनातो' नावाची कामगार संघटनांची मदत केंद्रं असतात, ती भरून देतात. विद्यापीठातही परदेशी विद्यार्थ्यांसाठी मदत मिळते. सप्टेंबरच्या शेवटी या सगळीकडे रांगा लागतात, म्हणून तू आल्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशीच जा. पोस्टात शक्यतो सकाळी उघडायच्या वेळी. बरीच छोटी पोस्टं दुपारी बंद होतात.

अर्ज दिल्यावर रिचेवूता मिळते, म्हणजे पावती, आणि क्वेस्तूरात, पोलीस मुख्यालयात, बोटांचे ठसे द्यायला कधी जायचं याची तारीख. ती तारीख दोन-तीन महिन्यांनंतरची असली तरी घाबरू नकोस. परवान्याचं कार्ड हातात येईपर्यंत ती पावती हाच तुझा परवाना. तिची छायाप्रत रोज जवळ बाळग, मूळ कागद घरी जपून ठेव, पाण्यापासून लांब. फक्त एक लक्षात ठेव: व्हिसा संपलेला असताना नुसत्या पावतीवर युरोपातल्या इतर देशांत फिरता येत नाही. लग्नकार्याला घरी जायची घाई असेल आणि कार्ड आलं नसेल, तर दुसऱ्या युरोपीय देशात विमान बदलायचं तिकीट काढण्याआधी नीट चौकशी कर.

विम्याबद्दल. इथल्या सरकारी आरोग्यसेवेत विद्यार्थी म्हणून स्वेच्छेनं नाव घालता येतं. २०२४ पासून त्याचे वर्षाला ७०० युरो झालेत, आधी दीडशेच्या आत होते. मुख्य म्हणजे हे वर्ष जानेवारी ते डिसेंबर असं धरतात. सप्टेंबरमध्ये भरलेस तरी ३१ डिसेंबरला संपतं. म्हणून सुरुवातीला खासगी विद्यार्थी विमा घे आणि सरकारी सेवेचा विचार नव्या वर्षी कर, असं मी बहुतेकांना सांगते. दमा, थायरॉइड, मधुमेह असं काही कायमचं दुखणं असेल, तर मात्र हिशेब वेगळा. तेव्हा सातशे युरो महाग नाहीत.

आता घर. या शहरात सगळ्यात जास्त रडू यावर येतं. तू बोलोन्यात जिथे जाशील तिथे रस्त्याच्या कडेला कमानींचे झाकलेले पदपथ दिसतील, पोर्तिको. शहरात त्यांची लांबी एकूण ६२ किलोमीटरच्या आसपास आहे, २०२१ मध्ये त्यांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. पावसात छत्री न उघडता कॉलेजला जाता येतं. ते बांधले गेले त्यामागे जागेची टंचाई होती. विद्यापीठ १०८८ चं मानतात. दूरदूरचे विद्यार्थी आणि कारागीर आले, शहर भरलं, आणि लोकांनी वरचे मजले लाकडी खांबांवर रस्त्यावर पुढे काढून खोल्या वाढवल्या. १२८८ मध्ये शहरानं नियमच केला की प्रत्येक घराला पोर्तिको हवा, आणि तो एवढा उंच हवा की घोडेस्वार खालून जाऊ शकेल. म्हणजे खोली मिळत नाही ही तक्रार या शहरात सात-आठशे वर्षं चालू आहे. तुझ्यात काही कमी आहे म्हणून तुला खोली मिळत नाही, असं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण दहाव्या नकारानंतर मुलींना तसंच वाटायला लागतं.

निदान तीन आठवड्यांचा तात्पुरता मुक्काम ठरवूनच ये, मग तो हॉस्टेलचा असो की कुणाच्या ओळखीनं. आणि खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, दार उघडून आत उभं राहिल्याशिवाय, एक युरोही पाठवू नकोस. मी पाठवले होते. फोटोतलं घर सुंदर होतं, मालक म्हणे परदेशी होता, किल्ली कुरिअरनं येणार होती. आल्यावर मी तो पत्ता शोधत गेले, तिथे एक दवाखाना होता. वडिलांनी सोसायटीतून कर्ज काढून दिलेले ते पैसे होते. ही पद्धत आजही तीच आहे, नुसती माणसं बदलतात. मालक कधीच शहरात नसतो, भाडं बाजारापेक्षा कमी असतं, आणि 'अजून दोघीजणी विचारतायत' असं सांगून तुला घाई करतात.

झाम्बोनी रस्त्यावर, विद्यापीठाच्या इमारतींच्या आसपास, भिंतींवर आणि फलकांवर खोल्यांच्या जाहिराती लागतात, खाली फोन नंबरच्या पट्ट्या कापून ठेवलेल्या. 'पोस्तो लेत्तो' म्हणजे दोघींच्या खोलीतली एक खाट, 'सिंगोला' म्हणजे एकटीची खोली. भाड्यात 'स्पेझे', म्हणजे वीज-पाणी-गॅस-सोसायटीचा खर्च, धरलाय की नाही हे पहिल्याच फोनवर विचार. हिवाळ्यात गॅसचं बिल बरंच येतं.

करार नोंदवलेलाच हवा. विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतचा वेगळा करार असतो. मालकानं तो तीस दिवसांत कर कार्यालयात नोंदवायचा असतो. अनामत तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. काही मालक 'करार नको, थोडं स्वस्त देतो' म्हणतात. त्या पन्नास-साठ युरोंसाठी हो म्हणू नकोस. करार नसेल तर घरापासून दूर राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी असलेली जास्तीची शिष्यवृत्ती जाते, आणि अनामत परत मिळाली नाही तर कुणापुढे दाद मागणार? परदेशी माणसाला घरात ठेवलं की मालकानं अठ्ठेचाळीस तासांत पोलिसांना कळवायचं असतं, त्या पत्राची प्रत मागून घे. क्वेस्तूरात उपयोगी पडते.

शहरातच राहायचा हट्टही सोड. सान लाझारो आणि कासालेक्कियो ही गावं बसनं जोडलेली आहेत. इमोला, मोदेना, फेर्रारा ही शहरं साध्या गाडीनं अर्ध्या तासाच्या आसपास येतात. मुंबईत डोंबिवलीहून रोज जाणाऱ्या माणसाला हे अंतर वाटणारच नाही.

शिष्यवृत्तीचं नाव निघालं म्हणून निघण्याआधीचं एक काम सांगते, कारण तू अजून घरीच आहेस. या प्रांतात शिष्यवृत्ती, हॉस्टेल, मेन्सा, म्हणजे खानावळ, हे सगळं एर्गो नावाची प्रांतिक संस्था बघते. पैसे मिळणं घरच्या उत्पन्नावर अवलंबून असतं, आणि ते उत्पन्न इथल्या मापात बसवावं लागतं, त्याला 'इझे पारिफिकातो' म्हणतात. त्यासाठी दोन वर्षांपूर्वीचं घरातल्या प्रत्येकाचं उत्पन्न, ३१ डिसेंबरची बँकेतली शिल्लक, घराचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, आणि कुटुंबात कोण कोण आहे याचा दाखला, एवढं लागतं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा घराचा उतारा आत्ताच काढ. त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, करून घे आणि इटालियन भाषांतरही. कोणत्या वर्षाची कागदपत्रं हवीत, हे त्या वर्षीच्या सूचनापत्रात वाच. तू इथे आल्यावर या कागदांसाठी आईवडिलांना तालुक्याला खेटे घालावे लागतात, आणि तोवर मुदत निघून जाते. गुणवत्ता असूनही या एका कारणानं पैसे न मिळालेली मुलं मला दरवर्षी भेटतात, आणि दरवर्षी तितकंच वाईट वाटतं.

घरात गेल्यावरच्या दोन गोष्टी. इथल्या साध्या घराला विजेची जोडणी तीन किलोवॉटची असते. इंडक्शन शेगडी, वॉशिंग मशीन आणि पाणी तापवायची किटली एकदम लावलीस की घर अंधारात. माझ्या पहिल्याच आठवड्यात हे झालं. मी रात्री बटणं शोधत राहिले, आणि मीटर निघाला तळमजल्याच्या जिन्याखाली. शेजारच्या आजी गाऊनवर खाली येऊन दाखवून गेल्या. तेव्हा घर घेताना मीटर कुठे आहे हे विचार. आणि हीटर: बोलोन्यात इमारतींचं तापवणं कायद्यानं १५ ऑक्टोबरपासून १५ एप्रिलपर्यंत, तेही दिवसाला जास्तीत जास्त चौदा तास. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गारठलीस तर बटण फिरवून उपयोग नाही. जाड चादर आणि गरम मोजे लागतील.

खाण्याची काळजी तू करतेयस तेवढी नको, पण थोडी हवी. हे शहर इटलीत 'ला ग्रास्सा' म्हणजे खाऊनपिऊन गुटगुटीत म्हणून ओळखलं जातं, आणि तो लौकिक मुख्यतः डुकराच्या मांसावरचा आहे. एक सोपी खूण सांगते. छोटे मोदकासारखे वळलेले तोर्तेल्लिनी, त्यात मांस असतं. तसेच पण मोठे, तोर्तेल्लोनी, त्यात साधारणपणे रिकोत्ता चीज असतं. दोन्हींच्या ताज्या पारीत अंडं असतंच. तोर्तेल्लिनी ज्या पाण्यात येतात, ते ब्रोदो, म्हणजे मांसाचं सूप. लाझान्यात खिमा. पियादीना नावाची पोळी दिसायला आपल्यासारखी, पण कणकेत बऱ्याचदा स्त्रुत्तो घालतात, ती डुकराची चरबी. 'सेन्झा स्त्रुत्तो' किंवा 'आल्लोलियो' अशी, तेलातली, मागितली की मिळते. पार्मेझान चीज घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट लागतं, हेही माहीत असू दे. मग खायचं की नाही ते तुझं तू ठरव. नुसतं 'वेजेतारियाना' म्हणून थांबू नकोस. 'नियेन्ते कार्ने, नियेन्ते पेशे, नियेन्ते ब्रोदो दि कार्ने' असं सगळं सांग. मांस नाही, मासा नाही, मांसाचं पाणीही नाही.

घरी करायला मात्र सगळं सापडतं. 'फारीना दि चेची' म्हणजे चण्याचं पीठ, ते साध्या सुपरमार्केटातही मिळतं, म्हणजे पहिल्या संध्याकाळी पिठलं होऊ शकतं. 'लेन्तिक्के रोस्से' म्हणजे मसूर डाळ. 'सेमोलीनो' म्हणजे रवा. तूरडाळ, मोहरी, हिंग, कढीपत्ता यांसाठी स्थानकामागच्या बोलोन्यीना भागातली आशियाई दुकानं बघ. बॅगेत डाळतांदूळ भरून वजन वाया घालवू नकोस. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, पोहे, आणि दीड-दोन लिटरचा छोटा कुकर आण. कुकरची जादा शिट्टी आणि रिंगही आण, ती इथे सहज मिळत नाही.

भाषेचं. पहिल्या आठवड्यात व्याकरण शिकू नकोस, दोन सवयी लाव. एक, दुकानात, बसमध्ये, ऑफिसात शिरताना आधी 'बोन्जोर्नो', दुपारनंतर 'बोनासेरा', आणि मगच काम सांगायचं. आपल्याकडे सरळ 'अर्धा किलो साखर द्या' म्हटलं तर कुणाला काही वाटत नाही. इथे ते उर्मट वाटतं, आणि समोरचा का तुटक वागला हे आपल्याला कळत नाही. दुसरं, इटालियनमध्ये 'तू' आहे आणि 'लेई' आहे, आपल्या 'आपण'सारखं. वर्गातल्या मुलांशी 'तू', खिडकीपलीकडच्या माणसाशी, प्राध्यापकांशी, त्या आजींशी 'लेई'. 'स्कूझी' म्हण, 'स्कूझा' नको. मराठीत वाढलेल्या मुलीला हे इंग्रजी बोलणाऱ्यांपेक्षा लवकर जमतं. दवाखान्यात किंवा बाजारात रांग डोळ्यांना दिसतच नाही, माणसं इतस्ततः बसलेली असतात. शिरल्यावर मोठ्यानं विचारायचं, 'की ए लुल्तिमो?', म्हणजे शेवटचं कोण? कुणीतरी हात वर करेल. त्या माणसानंतर तू.

विद्यापीठाचं थोडक्यात, कारण ते तुला तिथेच समजेल. वेळापत्रकात नऊ लिहिलं असेल तर तास बहुधा सव्वानवाला सुरू होतो. या पंधरा मिनिटांना रीतसर नाव आहे, 'क्वार्तो दोरा आकादेमिको'. परीक्षा तीस गुणांची, उत्तीर्ण व्हायला अठरा. बऱ्याच परीक्षा तोंडी असतात, प्राध्यापकांसमोर बसून. मिळालेले गुण पटले नाहीत तर नाकारून पुढच्या फेरीत पुन्हा बसता येतं. आपल्याला हे पहिल्यांदा खरं वाटत नाही. आणि ४ ऑक्टोबरला शहराचे संत सान पेत्रोनियो यांचा दिवस, त्या दिवशी कार्यालयांची कामं ठेवू नकोस.

तू विचारलं नाहीस, पण सांगते. साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी मन खाली बसतं. पहिल्या दिवसांची धावपळ ओसरते, कागद पोस्टात गेलेले असतात, तास सुरू व्हायला वेळ असतो, आणि खोलीत एकटीनं बसून घरच्यांना फोनवर फोन होतात. मी तीन दिवस बिस्किटांवर काढले होते, बाहेर पडून कुणाशी बोलावं लागेल या भीतीनं. त्या दिवसांत खोलीत बसू नकोस. पियात्सा माज्जोरे या मुख्य चौकाला लागून साला बोर्सा नावाचं सार्वजनिक वाचनालय आहे. आत जायला पैसे नाहीत, दिवसभर बसलं तरी कुणी उठवत नाही. तळाशी काचेच्या फरशीखाली रोमन काळातल्या शहराचे अवशेष दिसतात. तिथे रोज ठरलेल्या वेळी जाऊन बस. रोज त्याच कॉफीच्या दुकानात, त्याच वेळी, उभ्यानंच एक कॉफी घे, बसून घेतली तर काही ठिकाणी जास्त पैसे पडतात. आठव्या दिवशी काउंटरवरची बाई तुला न विचारता कॉफी करायला लागेल. माझ्या ओळखीच्या बहुतेक मुलींची इथली पहिली ओळख अशीच झाली. रविवारी सान लुका टेकडीवर चढ. खालून वरपर्यंत सलग पोर्तिको आहे, ६६६ कमानी, पावणेचार किलोमीटर. ऊन असो, पाऊस असो, चढता येतं. वाटेत म्हाताऱ्या बायका जपमाळ घेऊन जाताना दिसतील. पर्वतीच्या पायऱ्या चढणाऱ्या माणसाला ते दृश्य ओळखीचं वाटेल.

आसिनेल्ली मनोऱ्यावर मात्र पदवी मिळेपर्यंत चढायचं नाही, असं इथले विद्यार्थी मानतात. चढलं की पदवी पुरी होत नाही म्हणे. माझ्या वर्गातलं कुणीच चढलं नव्हतं.

घरी फोनचं एक ठरवून टाक. सप्टेंबरमध्ये इथे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा सांगलीत साडेनऊ झालेले असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात, मग साडेदहा होतील. आईला हे आधीच सांगून ठेव, नाहीतर त्या रविवारी ती तासभर काळजीत बसेल. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, नीट बोल. रस्त्यानं चालताना दहा वेळा बोलण्यापेक्षा त्यानं दोघींनाही बरं वाटतं.

आणि खोली मिळाली की त्याच संध्याकाळी खाली जाऊन दोन ठिकाणी नाव लाव, दाराबाहेरच्या बेलच्या पाटीवर आणि टपालपेटीवर. इथे पत्त्यात फ्लॅटचा क्रमांक बहुधा नसतोच. पोस्टमन नाव वाचून पत्र टाकतो, नाव नसेल तर परत नेतो. बँकेचं कार्ड, विद्यापीठाची पत्रं, सगळं त्या छोट्या चिठ्ठीवर अवलंबून असतं. चिकटपट्टी चालेल, अक्षर ठळक असावं. आडनाव आधी, मग पासपोर्टवर आहे तसं नाव.